मावसाजींची मातीची गाडी

माझ्या लहानपणी यवतमाळ जिल्ह्यात पक्क्या सडका बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि आमच्या एकट्या मावसाजींपाशी मोटारसायकली तीन होत्या. त्या काळात जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला आणि तिथून महाराष्ट्रात आला. पण मला विचाराल तर त्या वर्षांतली खरी घडामोड मावसाजींच्या गोठ्यात झाली. तिथले बैल एका अंगाला सरकले आणि गाड्या दावणीशी उभ्या राहिल्या. मावसाजी म्हणजे माझ्या आईच्या धाकट्या बहिणीचे यजमान, दिग्रसजवळचे कापूस-तुरीचे शेतकरी. पुढे मी पुष्कळ मोठी माणसं पाहिली, पण त्यांच्याकडे गाडी एकच असायची आणि तीच घेऊन ती सगळीकडे जायची. मावसाजींना हा शुद्ध अडाणीपणा वाटे. "एकाच बैलावर नांगर, सवारीची दमनी अन् शंकरपटाची शर्यत? बैलाचा शाप लागन ना बावा!" असं ते म्हणत.

पहिली होती डांबराची. लाल, हलकी, बाजार, जिनिंग आणि लग्नकार्यासाठी. डोक्याला काळी टोपी असली की ते डांबराचीवर निघाले हे समजावं. डांबर संपलं की ते उतरत. एका लग्नाचा मांडव सडकेपासून बराच आत शेतात होता, तर यांनी गाडी बाभळीखाली ठेवली आणि धुळीतून चालत आले. नवरदेवाच्या बापानं कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "सडक तुमच्या मांडवापर्यंत आना, मंग गाडी येईन." दुसरी वावराची. लष्कराच्या लिलावातली, धिप्पाड, मागच्या चाकाला काथ्याचा दोर गुंडाळलेली. काळ्या चिखलात जिथे बैल बसकण मारत तिथून ही गुरगुरत निघून जाई. सरकीची पोती तर तिनं वाहिलीच, पण एकदा आजारी गोऱ्हा मांडीवर घेऊन मावसाजी ढोरांच्या दवाखान्यात गेले. ते पाहायला शेजारचा बंजाऱ्यांचा तांडा लोटला होता. तांड्याच्या नायकाच्या आज्यानं बैलांच्या पाठीवर देशभर मीठ वाहिलेलं. नायक गाडीभोवती फिरून म्हणाला, "जनावर चांगलं हाय. रवंथ करत नाई, तेवढीच खोड."

तिसरी मातीची. आमच्याकडे मातीला जाणं म्हणजे प्रेताला खांदा द्यायला जाणं, आणि ही गाडी फक्त त्यासाठी. "ज्या गाडीवर वरातीत गेलो, तिच्यावर मातीले जाऊ? हळदीच्या लुगड्यानं कोनी सुतकाले जाते काय?" असा त्यांचा सवाल. ती काळी होती, चकाकेल असा एक पत्रा तिच्यावर नव्हता आणि मावसाजी ती मुद्दाम सावकाश हाकत. "मातीले जातानी घाई करू नाई. घाई वारसदाराले असते." तिचा धब... धब... आवाज आसपासच्या गावांना इतका पाठ होता, की तो ऐकला की बाया चुलीवरचं भांडं उतरवून ठेवीत आणि डोक्यावर पदर घेत. "मले नथ एक, अन् यायले गाड्या तीन," असं मावशी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. पण मातीच्या गाडीवर मात्र ती त्यांच्या मागे बसायचीच. तिकडे पुरुषांत मावसाजी आणि बायांत मावशी, असा त्यांचा नेम होता.

अशात आमच्या ताईची सोयरीक निघाली. ताई चांगली उंच. "पोरगी नवऱ्याच्या वर निंगते" म्हणून आधी नकार आले होते आणि तिनं हसणं कमी केलं होतं. या वेळी वणीचे पाहुणे बाभुळगावला आमच्या घरी आले. मुलगा कोळशाच्या खाणीत कारकून, ताईपेक्षा बोटभर उंच. ताईनं त्याला न मागता दुसऱ्यांदा शिरा वाढला, तेव्हाच आम्ही काय ते ओळखलं. फक्त बोलणी करायला मावसाजी यायचे होते.

ते आले. पण आधी आवाज आला: धब... धब... धब.

गाडीवर मागे मावशी नाही हे पाहून आईच्या हातातलं ताट खाली पडलं. "अवं, माही बहीन गेली वं!" म्हणून तिनं टाहो फोडला. शेजारच्या बाया पदर सावरत, रडतच आत शिरल्या. त्या गोंधळात मावसाजी काळी टोपी घालून, पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभे.

"बाई, कायले रडून राह्यल्या? तुमची बहीन घरी कुरड्या घालून राह्यली. डांबराचीची साखळी तुटली, वावराचीचं इंजिन पोत्यावर खुलं पडलं. मंग पोरीच्या सोयरिकीले मी येऊच नाई काय?"

आई रडता रडता हसली. पण बायांच्या तोंडून गाडीचं नाव ऐकून मुलाच्या काकांनी बशी खाली ठेवली होती. "सोयरिकीत मातीची गाडी? आमी निंगतो जी," म्हणून ते उठलेच. दाराआड ताईनं चौकट घट्ट धरली होती. जन्मात नेम न मोडलेल्या माणसानं तिच्यासाठी नेम मोडला होता आणि तेच तिच्या मुळावर आलं होतं. मग मावसाजींनी हाक मारली, "पोरी, हळद-कुंकू आन." ताईनं बाहेर येऊन गाडीच्या दिव्याला हळद-कुंकू लावलं. मावसाजींनी गाडी मुलापुढे उभी केली आणि त्याचे दोन्ही हात तिच्या हँडलवर ठेवले. "हे गाडी आता पोरीची. सासरी गेली म्हंजे लग्नाची झाली. मी मातीले पायी जाईन."

काकांनी गाडीला एक फेरी मारली, सीट दाबून पाहिली, आत येऊन बसले आणि शिरा मागितला.

मावसाजींनी शब्द पाळला. उरलेल्या दोन गाड्यांना त्यांनी या कामी कधी जुंपलं नाही. मयतीचा निरोप आला की ते पुढे आणि मावशी मागे, असे दोघं उन्हातान्हात चालत जात. कधी उशीर होई. "मेलेला मानूस रागवत नाई," असं ते म्हणत. त्यांच्या गोठ्यातली ती मोकळी जागा पाहिली की मला त्यांच्यापुढे वाकावंसं वाटे.

काही वर्षांनी भर उन्हाळ्यात मावशी गेली. आम्ही एस.टी.नं दिग्रसला पोचलो. मावसाजी ओट्यावर बसले होते. रडत नव्हते. "यायले कोनी तरी रडवा," म्हातारी माणसं म्हणत होती. ताई आणि भाऊजींना तार उशिरा मिळाली; मिळताच ते वणीहून निघाले. तिसऱ्या दिवशी दुपारी नाल्याच्या वळणावरून धब... धब... आवाज आला. ते दोघं त्याच गाडीवर येत होते.

मावसाजींनी मान वर केली. उठले, खुंटीवरचा दुपट्टा घेतला आणि आतल्या घराकडे तोंड करून म्हणाले, "अवं, निंग लवकर. कोनाच्या तरी घरी झालं वाटते."

आतून कोणी आलं नाही. दुपट्टा हातात धरून ते दारातच उभे राहिले, आणि मग रडले. मला अजून वाटतं, त्या वेळी आतून कुणीतरी एकदा "आली जी" म्हणायला हवं होतं.