याडीने घेतलेलं नाव

याडी म्हणजे माझी सासू, धुरपताबाई. फुलसावंगीजवळच्या आमच्या तांड्यात तिला नावानं हाक मारणारं आता कोणी नाही. लहानथोरांची ती याडीच, आई.

दिवाळी झाली की आमची माणसं पिकअप गाड्यांत भांडीकुंडी, कोंबड्या, पोरं भरून कोकणात जातात. समुद्राकाठी, फोनला रेंजसुद्धा नसते अशा जागी, कोळशाच्या भट्ट्या लावतात. तिथला मुक्काम हलताना एक रीत आहे. जाणती बाई एकेकाचं नाव मोठ्यानं घेते, मग तो गाडीत चढतो. ज्याचं नाव राहिलं त्याचा जीव तिथेच अडकतो म्हणतात. हे काम याडीचं. पण तिच्या पिढीतली बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. सगळे चढले की सासरेच तिला हाक द्यायचे, "धुरपता." एरवी तेही तिचं नाव घेत नसत. मग ती चढायची, शेवटी ते. त्यांचं नाव घ्यायचं कधी कोणाच्या मनात आलं नाही.

चार वर्षांपूर्वी सासरे खाडीत मासे धरायला गेले ते परतलेच नाहीत. देहही मिळाला नाही. निघायच्या दिवशी याडीनं सगळ्यांची नावं घेतली, त्यांचं तेवढं राहिलं.

तेव्हापासून मी घरात देवाला भोग लावायला बसले की तिचं लक्ष दाराकडे. म्हणायची, "बबिता, ते तिथंच बसून राह्यले. मीच ठेवून आलो त्यायले."

यंदा तिनं त्या खाडीवर जायचा हट्टच धरला. मी आणि माझे मालक जीवन, दोघं तिच्यासोबत निघालो. आमची गाडी पुसदच्या अब्रारची. तो आमच्या माणसांबरोबर पहिल्यांदाच आलेला. वाटभर याडीची चेष्टा करायचा.

"अम्मा, समुद्राचं पाणी खारं हाय. चहा नाही होत त्याचा."

"तू गाडी पाह्य बाप्पा. टायर तुह्या टकलासारखे झाले."

माणसं आणि सामान उतरवून दुसऱ्या दिवशी परत निघायचं होतं. खाडीला ओहोटी लागलेली. लांबपर्यंत चिखल, माणूस कुठं नाही. मी मनात सेवालाल महाराजांचं नाव घेत होते. अब्रार गाडीमागे पाना घेऊन चाकाशी बसला होता. याडीनं नावं घेतली. जीवन. बबिता. अब्रार. मग नवऱ्यासमोर घेतात तसा तिनं तोंडावर पदर ओढला.

"नेमसिंग."

आवाज फुटेना, म्हणून पुन्हा घेतलं. मग खाडीकडे तोंड करून उभी राहिली.

"याडी, चाल आता," जीवन म्हणाले.

"थांब. मह्यं नाव येऊ दे. त्याबिगर ते निघाले हे मले कसं समजन?"

पाणी चढू लागलं. मला वाऱ्याशिवाय काही ऐकू आलं नाही, जीवनलाही नाही. शेवटी त्यांनी तिला धरून गाडीत बसवलं. तिनं डोळे मिटून घेतले.

घाट चढताना अब्रारनं विचारलं, "भाभी, हे धुरपता कोण हाय?"

"काहून?"

"मी चाकापाशी होतो तं तिकडं चिखलात एक बाबा हाका मारून राह्यला होता. मले वाटलं, भट्टीवरचा कोणी असन."

जीवननं माझा हात घट्ट धरला. याडीनं डोळे उघडले, पाय जवळ घेतले आणि खिडकीकडे सरकून बसली.

"चाल बाप्पा," ती अब्रारला म्हणाली. "आता कुठं थांबू नको."

आमच्या दोघींच्या मध्ये जागा झाली होती. घर येईपर्यंत मी तिकडे पाहिलं नाही.