मुरडीला नऊ मिनिटे

एअर फ्रायर चालू असताना त्याच्यापाशी उभे राहिले, तर पहिली चार मिनिटे केवळ वाऱ्याचा आवाज ऐकू येतो. पाचव्या मिनिटाला त्या वाऱ्यात पेरूचा वास मिसळतो आणि सातव्या मिनिटाला वेलदोड्याचा. हा क्रम मी इतक्या वेळा पडताळून पाहिला आहे, की आता डोळे मिटूनही किती वेळ उरला ते मी सांगू शकते. सकाळी दहाच्या सुमारास माझ्या स्वयंपाकघरात ऊन तिरपे येते, ओट्याच्या कडेपर्यंत पोहोचते आणि तिथेच थांबते. त्या उन्हात यंत्राची घरघर ऐकत उभे राहिले, की आपण घरात आहोत की घराच्या आठवणीत, हे क्षणभर नीट कळत नाही.

हे यंत्र माझे नव्हते. बंगळूरला जयनगरमध्ये आमचे दोन मजली लहान घर आहे. यजमान गेल्यानंतर मी खाली राहते आणि वरची खोली एखाद्या नोकरदार मुलीला देते. तीन वर्षांपूर्वी नागपूरची एक मुलगी तिथे राहायला आली. ती संगणकावर काम करणारी होती. तिच्या सामानात दोन बॅगा, एक उशी आणि एका मोठ्या खोक्यात बसवलेले हे काळे, अंडाकृती यंत्र होते. वरच्या खोलीतला प्लग त्याला पुरेना, म्हणून ते माझ्या ओट्यावर आले. यंत्रामागोमाग मुलगीही रोज संध्याकाळी खाली येऊ लागली.

पहिल्याच संध्याकाळी तिने सकाळच्या उरलेल्या पोळीत एक येलक्की केळे गुंडाळले. ही आमच्याकडची बोटाएवढी, गोड केळी. वर तूप फासले आणि ती गुंडाळी यंत्रात ठेवली.

"पाच मिनिटं फक्त काकू. गोड खायला मिळते, भांडं घासायचं काम नाही."

"आणि आत काय चालले आहे ते कसे कळणार?"

"कळत नाही ना! म्हणून तं मजा आहे."

मी तीस वर्षे शाळेत गणित शिकवले. आत काय चालले आहे ते न कळण्यात मला कधी मजा वाटली नव्हती. पाच मिनिटांनी खण उघडला तेव्हा पोळी सुटून वर उडाली होती आणि जाळीला चिकटून करपली होती. केळे मात्र खाली उघडे पडलेले, कडेने सोनेरी झालेले होते. आम्ही ते चमच्याने खाल्ले. दुसऱ्या दिवशी मी दोनशे पानी वही आणली आणि पहिल्या पानावर चार रकाने आखले: फळ, पीठ, अंश, मिनिटे.

"तुम्ही तं याचा वर्ग घेऊन राहिल्या!" ती हसून म्हणाली. पण पुढे माझ्याआधी वही उघडायची ती तीच.

त्या वहीतून जे शिकले ते थोडक्यात सांगते, कारण कोणाला उपयोग होईल. ओले फळ कच्चे भरू नये. अननस आणि द्राक्षे आतून पाणी सोडतात आणि पीठ भिजवून टाकतात. फळ आधी साखरेबरोबर कढईत आटवावे. सारण चमच्यातून पडायला नाखूश झाले, की ते झाले असे समजावे. पेरू सर्वांत उत्तम, मात्र तो किंचित कडक घ्यावा. हे मला बाजारातल्या फळवाल्या अक्कांनी शिकवले. मी मऊ, पिवळा पेरू निवडू लागले की त्या माझ्या हातातून तो काढून घ्यायच्या आणि "टीचर, स्वल्प गट्टि इरोदु तगोळ्ळि," म्हणत थोडा घट्ट असलेला ठेवायच्या. हा 'स्वल्प' शब्द मराठीत पुस्तकी, आणि इथे दिवसातून पन्नास वेळा कानांवर पडतो. आमच्या स्वल्पविरामातला जो स्वल्प, तोच हा. थोडे थांबा, थोडे सरका, थोडा घट्ट पेरू घ्या.

पारी मैद्यात चमचाभर रवा आणि थंड तुपाचे मोहन घालून भिजवावी आणि वीस मिनिटे झाकून ठेवावी. यंत्र आधी तीन मिनिटे रिकामे तापवावे. वरून दुधाचा हात फिरवावा. एकशे सत्तर अंश, नऊ मिनिटे.

एवढे ठरेपर्यंत वर्ष गेले. उरला तो आकाराचा प्रश्न.

मी साहजिकच करंजीचा आकार घेतला. आमच्या निपाणीकडे तिला कानवलाही म्हणतात, आणि हाताने करायच्या कानवल्याची कड कातण्याने कापत नाहीत, मुरडतात. अंगठ्याने कड दाबायची, वळवून आत घ्यायची, पुन्हा दाबायची, पुन्हा वळवायची. शेवटी कडेला बारीक वेणी घातल्यासारखी दिसते. ती मुरड. घरातून कोणी दूर जायला निघाले, की माझी आई त्याच्या डब्यात बाकी काही असो वा नसो, मुरडीचा एक कानवला ठेवी. मुरडणे म्हणजे मागे वळणे. जाणाऱ्याने परत यावे, हे तोंडाने सांगितले तर त्याच्या पायांत घोटाळल्यासारखे होते, म्हणून ते कानवल्याच्या कडेवर सांगायचे.

हे मी त्या मुलीला एकदा पीठ मळता मळता सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "आणि जो परत येऊ नये असं वाटते, त्याला काय देते मग?"

"त्याला साधी करंजी."

"डेंजर आहे तुमची निपाणी."

पण यंत्रात मुरड टिकेना. तेलात कानवला पडतो तेव्हा तो सगळीकडून एकाच वेळी तळला जातो. इथे वरच्या वाऱ्याने मुरडीचा बाहेरचा थर आधी वाळे, आतला ओलाच राही, आणि सारणाची वाफ नेमकी त्या दोहोंमधून वाट काढी. कानवले ओठ विलग करून झोपलेल्या मुलांसारखे दिसत. मी पारी जाड केली, पातळ केली, कडेला दूध लावले, पाणी लावले. वहीत अकरा वेळा एकच शब्द लिहिला आहे: उघडली. शेवटी मी मुरड सोडून दिली. दोन्ही कडा जुळवल्या, काट्याच्या चमच्याने सरळ रेघा दाबल्या आणि वाफ जायला दातकोरणीने वर एक छिद्र पाडले. बारापैकी बाराही बंद राहिल्या. त्या पानावर मी लाल शाईने बरोबरची खूण केली होती.

या हिवाळ्यात तिच्या आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया ठरली. आई नागपुरात एकटी. कचेरीने सहा महिने घरून काम करायची मुभा दिली, पुढचे पुढे ठरणार होते. हे सांगताना ती ओट्याला टेकून उभी होती आणि यंत्राच्या गोल बटणाशी उगीच चाळा करीत होती.

"खोली देऊन टाका काकू कोणाला. माझं काही खरं नाही."

"बरे," मी म्हणाले.

मी 'बरे' म्हणाले, कारण तिने परत यावे असे मला फार वाटत होते. एखाद्याच्या आजारी आईच्या आणि त्याच्यामध्ये आपली इच्छा ठेवणे मला अप्रशस्त वाटले. मनाशी निश्चय केला, की याविषयी एक अक्षर काढायचे नाही. त्यानंतरचे तीन आठवडे ती रोज संध्याकाळी खाली आली, आणि आम्ही अंजिरांविषयी बोललो.

तिची गाडी यशवंतपूरहून दुपारी होती. जयनगर ते यशवंतपूर हा रस्ता कधी पाऊण तासाचा, तर कधी दोन तासांचा असतो. मी दोन तास धरले आणि वर अर्धा तास राखीव ठेवला. सकाळी लवकर उठून पेरूच्या बारा करंज्या केल्या. काट्याच्या रेघा अगदी समांतर आल्या होत्या. यंत्र निवाल्यावर पुसले, त्याच्या मूळच्या खोक्यात, मूळच्या थर्माकोलमध्ये बसवले आणि दोरीने बांधले. ते तिचे होते, तिने न्यायला हवे होते. ओटा एकदम रुंद दिसू लागला.

रिक्षा आली. बॅगा मागे चढल्या, खोके दारात होते. मी डबा तिच्या हातात दिला. ती दोन पायऱ्या उतरली, थांबली आणि तिथेच तिने झाकण उघडले. मला वाटले, वास घेत असेल. ती एकेक करंजी उचलून कड पाहत होती. बाराही पाहून झाल्या.

"काकू, यात मुरडीचा एक पण नाही?"

"त्या उघडतात," मी म्हणाले. "काट्याच्या बंद राहतात. प्रवासात सारण सांडले असते..."

"हो ना. साध्या करंज्या." तिने झाकण लावले. ती हसत होती, पण ते तिचे नेहमीचे हसू नव्हते. "तुम्हीच सांगितलं होतं, साधी करंजी कोणाला देते ते."

काही चुका अशा असतात, की उत्तर अचूक येते आणि प्रश्नच वाचायचा राहिलेला असतो. अशा उत्तरपत्रिका मी जन्मभर तपासल्या. पोरगी पान भरून बिनचूक गणित सोडवी, पण ते विचारलेले नसे. मी अशा वेळी समासात 'प्रश्न पुन्हा वाचावा' एवढेच लिहीत असे. तीन आठवडे ही मुलगी मला एकच प्रश्न विचारत होती, आणि मी 'बरे' म्हणत होते.

"पीठ उरले आहे," मी म्हणाले. "सारणही आहे. खोके आत घे."

"काकू, रिक्षा!"

मी फाटकापाशी गेले. "अण्णा, हत्तु निमिष." दहा मिनिटे. खरे तर पंधरा लागणार होती, आणि असत्य मी सहसा बोलत नाही.

रिक्षावाल्याने आधी माझ्याकडे, मग परत आत चाललेल्या खोक्याकडे पाहिले. "ट्रेन इल्लवा, मेडम?" गाडी नाही का, असे तो विचारत होता.

"इदे. स्वल्प इरि." आहे. थोडे थांबा.

"सरी," म्हणून त्याने रिक्षा बंद केली आणि बसल्या जागी पाय पसरले.

आत तिने दोरी सोडली नव्हती, दाताने तोडली होती. यंत्र ओट्यावर बसवून तिने तापायला लावले. मी पारी लाटली. यंत्र तापेपर्यंतची तीन मिनिटेच हाताशी होती. सारण भरले, कड जुळवली आणि मुरड घालायला घेतली. अंगठ्याला काही विचारावे लागले नाही. दाबावे, वळवावे, आत घ्यावे. माझा हात माझ्या आईच्या हातासारखा दिसत होता, आणि ती मुलगी माझ्या खांद्यावरून पाहत होती, मी आईच्या पाहत असे तशी.

मग नऊ मिनिटे. करण्यासारखे काही उरले नाही. ऊन ओट्याच्या कडेशी येऊन थांबले होते. वारा घरघरत होता. पाचव्या मिनिटाला पेरूचा वास आला.

मी म्हणाले, "मला खोली कोणाला द्यायची नाही. तू ये."

ती यंत्राच्या बटणाकडेच पाहत होती. "मग आधी नाही का बोलायचं बाप्पा," ती म्हणाली. "मी तं रोज खाली येऊन राहिली होती."

वेलदोड्याचा वास आला. बाहेरून हॉर्न वाजला, एकदाच आणि हळू, आठवण करून दिल्यासारखा.

खण उघडला. मुरड दोन ठिकाणी उघडली होती. फटीतून पाक ओघळून खाली काळा झाला होता, आणि उरलेली वेणी मात्र तांबूस, जशीच्या तशी होती. मी चिमट्याने कानवला उचलला आणि खेद व्यक्त करणार, तोच तिने डबा पुढे केला.

"उघडली तं उघडली. मुरड आहे ना. ठेवा."

यंत्र खोक्यात भरायला गेलो तर हात लावता येईना. थर्माकोल वितळला असता. ते निवायला अर्धा तास लागतो, हे वहीतच नोंदलेले आहे. माझा राखीव अर्धा तास संपत आला होता. तिने यंत्राकडे पाहिले, खोक्याकडे पाहिले आणि रिकामे खोकेच उचलून जिन्याने वर पळाली. वरच्या खोलीचे दार उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज आला. परत आली ती हात झटकत.

"राहू द्या इथंच. आल्यावर घेते."

रिक्षा वळणापर्यंत दिसली. मग मी आत आले. यंत्र निवत होते, आणि निवताना त्यातून मधूनच टक् असा बारीक आवाज येत होता. मी स्टुलावर बसून तो बराच वेळ ऐकला.

गाडी मिळाली. सारण डब्यात सांडले, असे तिने कळवले. वहीत मी नवी ओळ लिहिली: मुरड, एकशे सत्तर अंश, नऊ मिनिटे. पुढच्या रकान्यात 'उघडली' असे बाराव्यांदा लिहिले, आणि त्याखाली लाल शाईने बरोबरची खूण केली.

परवा शेजारच्या बाई कोणा नातलग मुलीसाठी विचारायला आल्या होत्या. वरची खोली रिकामी आहे ना, असे त्यांनी फाटकातूनच विचारले.

"इल्ल," मी म्हणाले. "वर सामान आहे."