चार पट्ट्या, बारा मिनिटं

शाकीर मुलाणी यवतच्या बॅन्डमध्ये ताशा वाजवायचा. लग्नसराई संपली की शिक्रापूरच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर कामाला जायचा. त्याच प्रेसमध्ये १९९६ साली त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, करंगळी आणि तिच्या शेजारचं. हात बरा झाला, पण ताशाची काडी तिसऱ्या-चौथ्या ठोक्यालाच निसटायची. बॅन्डवाल्यांनी वर्षभर वाट पाहिली आणि दुसरा माणूस घेतला. त्यांची चूक नाही, हे शाकीर स्वतःच सगळ्यांना सांगायचा.

दौंडला रखमाजी आप्पा राहायचे. रेल्वेतून निवृत्त झालेले, बॅन्डला चाली बसवून देणारे. त्यांच्याकडे एक काष्ठतरंग होता. शिसवी लाकडाच्या लहानमोठ्या वीस पट्ट्या ओळीनं मांडलेल्या, दोन काठ्यांनी वाजवायच्या. एक दिवस त्यांनी शाकीरला त्यापुढं बसवलं.

"ताशावानी हाणायचं न्हाई हितं," आप्पा म्हणाले. "काठी नुसती टेकवायची. बघ जमतंय का."

जमलं, पण थोडंच. सगळ्या पट्ट्यांवरून हात पळवायला गेला की काठी घसरे. चार पट्ट्यांच्या आत राहिला तर टिके. मग शाकीरनं चारच धरल्या. डाव्या हातानं सात मात्रांचा तुकडा, उजव्यानं आठांचा, पुन्हा पुन्हा तेच सूर. दोन्ही हात एकत्र निघत, हळूहळू एकमेकांपासून सुटत आणि छप्पन्नाव्या मात्रेनंतर पुन्हा समेवर भेटत. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटे, हा अडकलाय. कान लागला की कळे, दर फेरीला काहीतरी सरकतंय.

१९९९च्या जानेवारीत आप्पांनी दौंडच्या एका कार्यक्रमात त्याचं नाव देऊन टाकलं. बारा मिनिटं. शाकीरचं जेवण सुटलं. ताटावर बसला तरी मांडीवर मात्रा मोजत राही.

"काठी हाताला बांधा ना फडक्यानं," त्याची बायको शायना म्हणाली.

"बांधली तर मनगट वळत न्हाई."

"आन् पडली तर?"

त्यानं घास तसाच ठेवला.

हॉलमध्ये दीडेकशे माणसं होती. त्याच्या आधी सिनेमाची गाणी झाली होती, शिट्ट्या वाजल्या होत्या. शाकीरनं तळहात तीनदा विजारीला पुसले आणि सुरुवात केली. दुसऱ्याच मिनिटाला मागून कुणीतरी ओरडलं, "आरं म्होरं जा की!" लोक हसले. तो मोजत राहिला. सहाव्या मिनिटाला काठी हातात फिरली, सुटली आणि दूर स्टेजच्या फळ्यांवर जाऊन पडली.

डावा हात थांबला नाही. का थांबला नाही, ते त्याला पुढंही कधी सांगता आलं नाही. काठी आणायला जावं तर डावा हात सोडावा लागणार. विंगेतून आप्पा निघाले, तेवढ्यात त्यानं मान हलवून नको म्हटलं आणि उजव्या हाताची मूठ वळून पेरं पट्टीवर टेकवली. दार ठोठावल्यासारखा बसका आवाज आला. पण मात्रेवर आला. तसाच तो वाजवत राहिला. थोटक्या बोटांतून कळ खांद्यापर्यंत जात होती, आणि डोक्यात एकच धास्ती होती, आपण मोजणीत चुकलो तर दोन्ही हात आता कधीच भेटायचे नाहीत. हॉलमध्ये कुणी खोकतही नव्हतं. शेवटची फेरी आली आणि दोन्ही आवाज एकदम पडले.

टाळ्या जरा उशिरानं आल्या. विंगेत आप्पांनी त्याचा हात धरून पाहिला. पेरं सोलली होती.

"मधी एक ठोका हुकला," ते म्हणाले.

"दोन, आप्पा."

पुढं शाकीर त्याच कारखान्यात स्टोअरला लागला आणि वर्षातून दोन-तीनदा वाजवू लागला. धास्ती काही गेली नाही. २००३ साली शिरूरला त्यानं बावीस मिनिटं वाजवलं. त्या दिवशी सकाळपासून त्याच्या पोटात फक्त चहा होता. शायना पहिल्यांदाच ऐकायला आली होती, पहिल्या रांगेत. कसं झालं म्हणून त्यानं विचारलं, तर म्हणाली, "मला काय म्हाईत? काठी पडंल म्हणून मी डोळे झाकूनच बसले व्हते. चला, आधी काहीतरी खाऊन घ्या."