साळवे सरांच्या दातांची पॉलिसी

माणसाचे दात एकेक करून कमी होतात आणि त्या दातांचे किस्से मात्र वाढत जातात, हे मला आमच्या गल्लीत कळलं. नवीन जालन्यात, स्टेशनच्या अलीकडं आमची गल्ली. पाण्याच्या टाकीखाली सिमेंटचा एक बाक आहे. संध्याकाळी तिथं आम्ही तिघं बसतो. साळवे सर मूळचे धावड्याचे, शाळेतून रिटायर झालेले. बशीरभाईंची रिक्षा आहे, पण गुडघ्यांमुळं ती दारात उभी. आणि मी, सातवी पास, सगळ्या गल्लीची चौकशी करणारी. नवरा बियाण्यांच्या कंपनीत, महिन्यातले वीस दिवस बाहेरगावी. मुलगी पुण्यात. आपल्या घरात बोलायला कोणी नसलं की माणूस दुसऱ्याच्या घरात डोकावतंच.

सरांची बायको सुमनबाई दोन वर्षांमागं गेली. समोरच्या दोन दातांत तिच्या चांगली फट होती, त्यामुळं 'स' म्हणताना बारीक शिट्टी यायची. भिंतीपलीकडून "सांज झाली गं, चहाला ये" अशी हाक आली की मला शिट्टीच आधी ऐकू यायची. ती फट बुजवून घ्या, असं कोणी म्हटलं की म्हणायची, "राहू दे. हवा खेळती राहते."

ती गेल्यावर सरांनी एक काम धरलं. रोज बाकावर बसून आम्हाला पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचा. दिवाळीनंतर त्यांचे वरचे दात हलायला लागले आणि उन्हाळ्यापर्यंत एकही राहिला नाही. शब्द निसटायला लागले. सर तोंडावर हात धरून वाचायचे. एक दिवस त्यांनी पेपरची घडी घातली आणि बशीरभाईंच्या हातात दिली. बशीरभाईंना मराठी वाचता येत नाही. पेपर तसाच बाकावर पडून राहिला आणि आम्ही तिघं रस्त्याकडं बघत बसलो.

त्याच दिवशी मी ठरवलं. सरांना कवळी बसवायची आणि ती पॉलिसीतून बसवायची.

*

आमच्या ओळखीची पॉलिसीवाली म्हणजे मंगलताई. गल्लीत नवीनच राहायला आलेली, पण सगळ्यांना स्वतःहून नमस्कार करणारी. तिला विचारलं, तुझ्या पॉलिसीत दात बसतात का?

ती म्हणाली, आपोआप पडले तर न्हाई. ॲक्सिडेंटमध्ये पडले तर हाय, तेबी दवाखान्यात ॲडमिट झालं तर.

बशीरभाईंनी लगेच तोडगा काढला. "सर, कल सुबह माझ्या रिक्षासमोर उभे ऱ्हावा. हळूच मारतो."

सर तोंडावरचा हात न काढता म्हणाले, "आधी रिक्षा चालू तर होऊ द्या."

*

मंग मी स्वतःच एका कंपनीला फोन लावला. हे बटन दाबा, ते बटन दाबा, असं करत करत एक पोरगी भेटली. गोड हिंदीत म्हणाली, दातांचं कव्हर हाय, पण इंडिव्हिज्युअल पाहिजे का फॅमिली?

मी म्हटलं, सरांचं नंतर बघू, आधी माझंच सांग, मी कशात बसते? तिनं विचारलं, घरात मेंबर किती?

"कागदावर तीन. जेवायला एक."

ती मंग होल्डवर राहा म्हणाली आणि गाणं लागलं. मी फोन ओट्यावर ठेवून भाकरी केली, भाजी टाकली. गाणं चालूच. कोणी परत आलं नाही, पण मीही फोन ठेवला नाही. घरात तेवढाच आवाज होता.

*

शेवटी मंगलताईनंच एक पॉलिसी शोधून आणली. म्हणाली, हिच्यात सगळे दात बसतात. फक्त आधीपासूनच्या दुखण्याला दोन वर्षं थांबावं लागंल. नवीन दात खराब झाले तर लवकर मिळतं.

"नवीन कुठून आणू?" सर म्हणाले.

तरी मी हट्टानं फॉर्म भरायला बसवलं. सरांचं अक्षर म्हणजे मोती. नाव, पत्ता, वय सगळं सुरेख भरलं. खाली जोडीदाराचा रकाना होता. सरांनी न थांबता सुमनबाईचं पूर्ण नाव लिहिलं, जन्मतारीखही लिहिली. मंगलताई माझ्याकडं बघायला लागली. मी हळूच म्हटलं, "सर..."

सरांनी कागदाकडं पाहिलं. खिशातून लाल पेन काढला आणि पोरांच्या वहीत मारायचे तशी त्या नावावर एकच सरळ रेघ मारली.

तो फॉर्म काही पुढं गेला नाही.

*

चार दिवसांनी सरांनीच आनंदाची बातमी सांगितली. त्यांचा मुलगा मिलिंद बंगळुरूला असतो. त्याच्या कंपनीच्या पॉलिसीत सगळी फॅमिली बसते, दातांसकट. आता कार्ड येऊन राह्यलंय.

मी रोज विचारायची, कार्ड आलं का? सर म्हणायचे, पोस्टात असंल. महिना गेला. मला काही राहवेना. मी मिलिंदलाच फोन लावला.

तो म्हणाला, "काकू, कंपनी एकच जोडी घेते. आईवडील नाहीतर सासूसासरे. मी बाबांचंच नाव टाकत होतो. बाबाच म्हणाले, त्यांना टाक. ते दोघं आहेत."

संध्याकाळी बाकावर सरांनी आपणहून सांगितलं, कार्ड अजून आलं न्हाई. मी म्हटलं, पोस्टाचं काही खरं नाही सर.

दुसऱ्या दिवसापासून मी कार्डाचं विचारणं सोडलं. माझ्यासारखीला ते किती अवघड गेलं, ते मलाच माहीत.

*

मंग सर आपल्या पेन्शनमधूनच कवळी करायला तयार झाले. मी सोबत गेले. दातांची डॉक्टरीणबाई चांगली होती. माप घेतलं आणि म्हणाली, हसतानाचा एखादा जुना फोटो आणा. दात कसे होते ते दिसलं की तसेच बसवता येतात.

झालं. अख्ख्या गल्लीत सरांचा हसतानाचा फोटो सापडेना! शाळेच्या ग्रुप फोटोत चाळीस पोरं हसताहेत आणि मधे सर फोटोवाल्याला छडी मारतील असे बसलेत. बशीरभाईंकडं मुलीच्या लग्नातला एक निघाला. त्यात सरांचं तोंड उघडं होतं, पण आत अख्खी जिलेबी होती.

शेवटी माझ्याच अल्बममध्ये एक मिळाला, आमच्या वास्तुशांतीचा. सर आणि सुमनबाई शेजारी शेजारी बसलेत. सुमनबाई मान मागं टाकून हसतेय, सगळे दात दिसताहेत. सरांचे ओठ मिटलेले. मी म्हटलं, हा काय कामाचा, यात तुमचा एक दात दिसत न्हाई.

सरांनी फोटो बराच वेळ हातात धरला. म्हणाले, "बराबर आहे. हाच नेतो."

दवाखान्यात त्यांनी मला बाहेर बसवलं आणि दार लावून घेतलं. मी दाराला कान लावला, पण पंख्याच्या आवाजात काही कळलं नाही.

*

कवळी बसली त्या संध्याकाळी सर पेपर घेऊन बाकावर आले. मंगलताईही नवीन पॉलिसीचा कागद घेऊन आली होती. सरांनी चष्मा लावला, तोंडावर हात न धरता बाजारभावाचं पान उघडलं आणि वाचायला लागले.

"सोयाबीन..."

बारीक शिट्टी आली.

बशीरभाईंनी मान वर केली. माझ्या हातातला चहा तसाच राहिला. सरांनी पुढचं वाचलं, 'सरकी' म्हणाले, परत शिट्टी.

मंगलताई वाकून सरांच्या तोंडाकडं बघत म्हणाली, "अहो सर, समोरच्या दोन दातांत केवढी फट ठेवलीय डॉक्टरनं! पैसे दिलेत ना? बदलून घ्या."

सरांनी पेपर खाली केला आणि हसले.

"राहू दे," ते म्हणाले. "हवा खेळती राहते."