पुढची बस किती मिनिटांनी?

बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत तिने एकतीस वर्षं काढली. अख्खं वेळापत्रक तोंडपाठ. कुणी नुसतं "सतरा" म्हटलं, की मान वर न करता "दहा चाळीस, फलाट तीन" असं उत्तर यायचं. लोक तिला चौकशीबाई म्हणत. ती निवृत्त झाली त्याच महिन्यात खिडकीवर फळी ठोकली गेली आणि शेजारी गाड्यांच्या वेळा दाखवणारा एक पडदा लागला. पडद्यावरची अक्षरं मुंगीएवढी. मग काय, लोकांनी तिच्या घरचा नंबर शोधून काढला.

तिला ते आवडायचं. पण गाड्यांच्या वेळा बदलल्या, आणि एके दिवशी शेजारच्या शिंपीणबाई तिच्या सांगण्यावरून दवाखान्याच्या थांब्यावर पाऊण तास ताटकळल्या. "होतं हो असं कधीतरी," एवढंच त्या म्हणाल्या. चौकशीबाईला ते फार लागलं. त्यानंतर फोन वाजला तरी ती उचलेना.

सून कचेरीत संगणकाचं काम करायची. तिच्या ते लक्षात आलं. चहा घेता घेता ती म्हणाली, "आई, बसखात्याने गाड्यांची माहिती सगळ्यांना खुली केलीय. कोणती गाडी कुठे आहे, थांब्यावर कधी पोचेल, सगळं. एपीआय म्हणतात त्याला."

"म्हणजे काय गं?"

"म्हणजे तुमची खिडकीच. ठरलेल्या पद्धतीने विचारायचं, ठरलेल्या पद्धतीने उत्तर मिळतं. फक्त विचारायला माणसाऐवजी प्रोग्राम जातो."

"आणि चुकीचं विचारलं तर?"

"चूक झाली एवढं सांगणारा नुसता एक आकडा देऊन परत पाठवतात."

"बाई बाई! मी एवढ्यातेवढ्यावर कुणाला परत पाठवलं नाही हो." ती खूप दिवसांनी हसली. "मग तूच दे ना काहीतरी करून."

"देईन की. पण बसमधलं मला काय कळतं? तुम्हीच शिका, अडलं तर मी आहे."

वाचनालयात दर शनिवारी प्रोग्रामिंगचा वर्ग भरायचा. चौकशीबाई कंबर कसून तिथे जाऊन बसली. पहिल्या महिन्यातच तिच्या नाकी नऊ आले. एक महिरपी कंस राहिला, की पडदा पांढराफटक. घरी जेवणाच्या टेबलावर तिचा अभ्यास चाले. नवरा एकदा सहज म्हणाला, "अगं, एवढं वेळापत्रक पाठ केलंस, त्यापुढे हे काय अवघड?"

"तुम्ही गप्प बसा हो, माझा स्वल्पविराम हरवलाय."

चौथ्या महिन्यात तिने बनवलेल्या वेबपानावर तीन ओळी उमटल्या. गाडीचा नंबर, कुठे जाणार, किती मिनिटांनी येणार. अक्षरं अंगठ्याएवढी. पण मिनिटांच्या जागी उणे तीनशे सव्वीस!

"म्हणजे गाडी येऊन साडेपाच तास झाले म्हणायचे," नवरा म्हणाला.

सुनेने वाकून पाहिलं. खात्याकडून येणारी वेळ जागतिक प्रमाणवेळेत होती आणि पान ती इथली समजत होतं. दोन ओळी बदलल्या, आणि उणे तीनशे सव्वीसचे चार झाले. चौकशीबाईने टाळ्या वाजवल्या आणि मग ती एकदम थांबली.

"हे चूक आहे."

"आता काय, आई?"

"दवाखान्याच्या दारातल्या थांब्यावरून सतरा नंबर बाजाराकडे जाईलच कशी? बाजाराची गाडी रस्त्याच्या पलीकडे थांबते."

सुनेने प्रोग्राम दोनदा तपासला. त्यात चूक नव्हती. खात्याकडूनच तसं येत होतं. चौकशीबाईने खात्याला पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही. मग तीन दिवस ती वही घेऊन त्या थांब्यावर जाऊन उभी राहिली, प्रत्येक गाडीची वेळ आणि दिशा टिपली आणि ती वही थेट खात्याच्या साहेबांपुढे ठेवली.

"मावशी, ही माहिती यंत्राकडून येते," साहेब म्हणाले.

"यंत्राला थांबे कुणी सांगितले?"

साहेबांनी यादी उघडली, वहीशी ताडून पाहिली आणि कपाळावर हात मारला. समोरासमोरच्या दोन थांब्यांचे क्रमांक अदलाबदल झाले होते. "तुम्ही कोणत्या कंपनीकडून आलात?"

"मी? खिडकीतली मी."

आठवड्याभरात दुरुस्ती झाली. शिंपीणबाईंनी ते पान फोनवर घेतलं, चष्मा न लावता वाचलं आणि वेळेवर गाडी पकडली. त्यांनी बहिणीला सांगितलं, बहिणीने दवाखान्यातल्या परिचारिकेला. पाहता पाहता रोज दोन-तीनशे लोक ते पान उघडू लागले. घरचा फोन मात्र जवळजवळ मुका झाला. एवढ्या एका गोष्टीची तिला थोडी चुटपुट लागली, नाही असं नाही.

मग एका दुपारी फोन आला. दृष्टी नसलेले एक पियानो दुरुस्त करणारे गृहस्थ विचारत होते, "बाई, तुमचं पान बोलू शकेल का?"

"थोडा वेळ द्या," ती म्हणाली आणि लगेच कामाला लागली. पुढच्या रविवारी खिडक्या बंद करून तिने स्वतःच्या आवाजात मिनिटांचे आकडे रेकॉर्ड करायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. साठपर्यंत जायचं होतं. त्रेचाळीसला नवरा शिंकला.

"अहो!"

"राहू द्या आई," सून हसू आवरत म्हणाली, "तेवढा त्रेचाळीस पुन्हा म्हणा."

ती खाकरली, पाण्याचा घोट घेतला आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "त्रेचाळीस."