पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी

मला भीती वाटली की हसू येतं. लहानपणी ह्या हसण्यापायी शाळेत किती मार खाल्लाय, विचारू नका. मामाच्या मयतीत हसलो तेव्हा आईनं चारचौघांत कानाखाली वाजवली होती. तरी खोड काही गेली नाही.

उस्मानपुऱ्यातल्या एका रंगाच्या दुकानात मी कामाला आहे. फुलंब्रीहून रोज मोटारसायकलवर येतो. वाटेत जेल लागतं. त्या भिंतीपलीकडं कोण असेल ह्याचा विचार मी कधी केला नव्हता. आत आहेत म्हणजे काहीतरी केलंच असेल, पोलीस काय येडे आहेत का, असं खुशाल बोलायचो. एका सकाळी तिथंच हवालदारानं गाडी अडवली. मी कागद काढायला लागलो तर म्हणाला, कागद राहू द्या, तुमची उंची बरोबर आहे. मग त्यानं समजावलं. आत ओळख परेड होती. संशयिताला त्याच्यासारख्या दिसणाऱ्या माणसांत उभं करतात आणि फिर्यादीला म्हणतात, ओळखा. ती माणसं अशी रस्त्यावरून गोळा करायची. दहा मिनिटांचं काम, चहा पाजतो म्हणाला. खाकीला नाही म्हणायची माझी छाती कुठली!

मोठं दार मागं लागलं आणि रस्त्याचा आवाज एकदम बंद झाला. एवढे ट्रक, एवढे हॉर्न, काही म्हणजे काही ऐकू येईना. आम्हा गोळा केलेल्या माणसांना एका अंगणात उभं केलं. नायब तहसीलदार आले, त्यांनी पोलिसांना बाहेर पाठवलं. मग ‘त्याला’ आणलं. बघतो तर काय! माझाच बांधा, तशीच मिशी, कपाळावरून तसेच मागं हटलेले केस. सख्खा भाऊ म्हणून खपला असता. घरं रंगवायची कामं करायचा म्हणे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी एका बाईंचं मंगळसूत्र ओढून पळाल्याचा आरोप होता.

तहसीलदार त्याला म्हणाले, हवं तिथं उभा राहा, कपडे बदलायचे असतील तर बदल, तो तुझा हक्क आहे. तो सरळ माझ्या शेजारी आला आणि शर्टाची अदलाबदल मागितली. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी शर्ट काढला. माझा निळ्या चौकडीचा त्यानं घातला, त्याचा पिवळा मी. शर्ट अजून कोमट होता. त्याच्या घामाचा वास माझ्या अंगाला लागला आणि उगाचच मनात आलं, जाताना ह्या लोकांनी दोघांत गफलत केली तर?

बाई आल्या. वयस्कर, डोक्यावर पदर. एकेका तोंडाकडं बघत त्या रांगेवरून चालत आल्या. त्याच्यासमोर थांबल्या, मान हलवून पुढं सरकल्या. मग माझ्यासमोर. एवढ्या जवळून मला कुणी कधी बघितलं नव्हतं. भीती वाटली, आणि व्हायचं तेच झालं.

बाईंनी माझ्या छातीवर हात ठेवला. “ह्योच. त्या दिशी बी असाच हसला हुता.”

मी तोंड उघडलं तर साहेबांनी हातानंच गप्प केलं आणि लिहायला घेतलं. बाई रडत होत्या. खोटं रडणं नव्हतं ते, आजही सांगतो. त्यांच्या नजरेत माझ्याबद्दल जी किळस होती ती बघून मलाच क्षणभर वाटलं, आपण केलं असेल का हो?

शर्ट परत करताना माझी बटणं निघेनात. रंगारी हळूच म्हणाला, ठाण्यात बाईंना मला ह्याच शर्टावर दाखवलं होतं, त्यांनी शर्ट ओळखला. “भाऊ, तुम्ही कशाला भेता? तुम्ही तर आता घरी जाताल,” म्हणाला, आणि त्याला आत नेलं.

घरी गेलो तरी छातीवरचा तो हात निघेना. बायकोला विचारलं, पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी कुठं होतो गं? ती मेथी निवडत होती. घरीच असताल की, म्हणाली. नक्की? तिनं बराच विचार केला आणि म्हणाली, आता कोण ध्यानात ठेवतंय. दुकानात विचारलं, तिथंही कुणाला आठवेना. खरं म्हणजे मलाही आठवत नव्हतं. रंगाऱ्यालाही हेच विचारलं असणार, आणि तोही असाच बघत राहिला असणार.

बाईंनी भलत्यालाच ओळखलं म्हणून तो सुटला, पण लगेच नाही. आधी जामिनासाठी तारखा, मग खटल्याच्या तारखा. मधल्या काळात दिवाळी आत गेली, हातची कामं गेली. मग एक दिवस ब्रश घ्यायला तो आमच्याच दुकानात आला. मला तर आरशासमोर उभं राहिल्यासारखं झालं. चहा पाजला आणि विचारलं, आत तुझ्यासारखे किती असतील रे?

त्यानं चहा बशीत ओतला. “मी नव्हतोच, असं तिथं समदेच म्हणत्यात. मी बी तेच म्हणत हुतो. खरं कोण बोलतंय ते मला बी नाय कळलं, भाऊ.”

मागच्या आठवड्यात भाजी मंडईत त्या बाई दिसल्या. सोबत तरुण मुलगा होता. मी माझ्या स्वतःच्या चौकडीच्या शर्टात होतो, पिवळं काही अंगावर नव्हतं. तरी त्यांनी मला बघितलं आणि त्यांचा हात गळ्याकडं गेला. म्हटलं, आज सांगूनच टाकावं, मावशी, मला नुसतं उभं केलं होतं. दोन पावलं पुढं झालो तर त्या मुलानं माझी कॉलर धरली. भाजीवाल्यांचा ओरडा थांबला. जेलच्या दारात झालं होतं तसं एकदम सगळं गप्प.

“पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी कुठं हुतास?” त्यानं विचारलं.

घरी होतो, एवढंच म्हणायचं होतं. माणसं गोळा होत होती, सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते, आणि मला हसू आलं.