न हसणाऱ्या वानखडे मॅडम

वानखडे मॅडमना हसताना मी नऊ वर्षांत कधी पाहिलं नाही. भातकुलीच्या आमच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या. स्टाफरूममध्ये कुणी विनोद सांगायला लागलं की वह्यांचा गठ्ठा उचलून त्या बाहेर जात. शिंक येणार असं वाटलं की आधी खुर्चीचा हात घट्ट धरत. आम्ही नव्या शिक्षिका त्यांना पाठीमागे 'कर्फ्यू' म्हणायचो. त्या नावावर मीही पोट धरून हसले आहे.

एप्रिलच्या उन्हातही शाळा सुटेपर्यंत त्या पाण्याचा घोट घेत नसत. एकदा मैदानावर उभ्या उभ्याच कोसळल्या. शुद्धीवर आल्यावर उपास होता म्हणाल्या. साड्या कायम गडद, आणि पिशवीत एक जास्तीची साडी घडी करून ठेवलेली. हे सगळं आम्हाला दिसत होतं. बाई विक्षिप्त आहे, एवढाच अर्थ आम्ही काढला होता.

पुढे माझं बाळंतपण झालं. सहा महिन्यांनी रुजू झाले. एका दुपारी शिकवताना खोकल्याची उबळ आली आणि फळ्यासमोर, मुलींच्या देखत, माझी साडी ओली झाली. मी बाथरूममध्ये पळाले. थोड्या वेळानं दारावर टकटक झाली. वानखडे मॅडमनी दाराच्या फटीतून आपली जास्तीची मरून रंगाची साडी आत सरकवली आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "रडू नको, मीना. मले सव्वीस वर्सं झाले."

त्या संध्याकाळी अमरावतीला परतताना एसटीत त्यांनी मला सगळं सांगितलं. माहेरी अकोल्याला मुलगी झाली. बाळंतपण अडलं होतं, बाळ वजनदार होतं. अंग फाटलं, टाके नीट भरले नाहीत आणि तेव्हापासून लघवीवर ताबा राहिला नाही. आईला सांगितलं, तर लेकरू झालं की असंच होते, चारचौघांत बोलू नको, असं ती म्हणाली. सासूनं विचारलं, मंग आमाले कावून नाही झालं? ज्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या, त्यांनी कागदावरून मानही न उचलता वजन कमी करायला सांगितलं. नवरा भांडला नाही. वास येतो, एवढंच म्हणून त्यानं आपली गादी बैठकीत नेली, ती परत आणलीच नाही. हे सांगताना मॅडमचा आवाज पाढे म्हणून घेताना असतो तसा सपाट होता. शेवटी म्हणाल्या, "बाईचं आंग म्हंजे घरातलं भांडं. गळाले लागलं का बाहेर ठेवतेत."

त्याच शनिवारी त्या मला अमरावतीत एका नव्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. लवकर आलात, असं डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी व्यायाम शिकवले. चार महिन्यांत माझा त्रास जवळजवळ गेला. मॅडमना तपासून त्यांनी ऑपरेशन सांगितलं. मॅडमनी घरी विषय काढला. तेव्हा सासूच्या मोतीबिंदूचं आधी करायचं ठरलं. मग मुलीचं लग्न निघालं, मग वरच्या मजल्याचं बांधकाम. दर सुट्टीला मी विचारायची. "माहा नंबर सगळ्यात मांगं असते," असं म्हणून त्या वह्या तपासायला लागत. मीही पुढे विचारणं सोडून दिलं. माझं दुखणं बरं झालं होतं ना.

सहा वर्षं अशीच गेली. निवृत्त झाल्यावर मात्र त्या कुणाला न विचारता स्वतःच जाऊन ऑपरेशनसाठी दाखल झाल्या. सोबतीला मला बोलावलं होतं. दुपारी त्यांचा नवरा सफरचंदं घेऊन आला, किरकोळ ऑपरेशन आहे असं त्यानं नर्सलाच समजावून सांगितलं आणि चहा पिऊन गेला.

संध्याकाळी ऑपरेशननंतर जाग आल्यावर मॅडमनी विचारलं, "किती वेळ लागला?"

"पाऊण तास. उद्या घरी सोडतील."

मला वाटलं, आता रडतील. रडल्या नाहीत.

"नवऱ्याचं सोड, तो परकाच होता," त्या म्हणाल्या. "पन असंच असते म्हून ज्याइनं मले सांगतलं, त्या समद्या बायाच होत्या."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सावकाश सोडवून घेतला आणि भिंतीकडे कूस वळवली.